अभिनंदन, तुमची शुगर उतरली!

‘तू नेमकं करतेस काय?’ या प्रश्नाची माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. लिंक्डइनवर मी ‘प्रॉडक्ट मॅनेजर, हेल्थटेक’ आहे. कॉलेजच्या ग्रुपवर ‘स्टार्टअपमध्ये आहे यार, मरायला वेळ नाही’. आणि आमची आजी शेजारच्या काकूंना सांगते, ‘ती ना, फोनवरनं लोकांची शुगर बघते.’

तिन्हींमध्ये आजीचं उत्तर सगळ्यात बरोबर आहे. हे कळायला मला एक वर्ष आणि एक संकष्टी लागली.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते २०२२च्या जूनमध्ये. हिंजवडीतली बरी, सुरक्षित, बसने नेणारी-आणणारी नोकरी मी सोडली आणि बाणेरमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दाखल झाले. नऊ जणांचं ऑफिस. एक फाउंडर, एक डॉक्टर मॅडम, चार डेव्हलपर, दोन डाएटिशियन आणि चहा करणारे मामा. मी दहावी. काम काय, तर डायबेटिसच्या पेशंटसाठी ॲप. घरच्या ग्लुकोमीटरवर शुगर मोजायची, आकडा ॲपमध्ये टाकायचा, मग डाएटिशियन फोन करणार, औषधांचं मॅडम बघणार. पगार आधीपेक्षा कमी, त्याबदल्यात ईसॉप. म्हणजे कंपनीचे शेअर, जे चार वर्षांत हळूहळू मिळणार आणि पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत हातात भोपळा. बाबांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे भिशीच की. फक्त नंबर लागेल की नाही ते माहीत नाही.’

बाबांना स्वतःला बारा वर्षं डायबेटिस आहे. पण ते आमचं ॲप वापरत नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी डायरी आहे. तीत निळ्या पेनाने तारीख, आकडा आणि आकड्याच्या शेजारी शेरा. ‘१८६ - लग्नात जेवलो.’ ‘१४२ - चाललो.’ ‘२०१ - झोप नाही, कारण लिहीत नाही.’ मी या डायरीची भरपूर चेष्टा केलेली आहे. ही डायरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्टार्टअपमधलं आयुष्य कसं असतं ते तुम्हाला काय सांगू, तुमच्यापैकी निम्मे तिथेच असाल. व्हिजिटिंग कार्डावर एक हुद्दा आणि प्रत्यक्षात पाच. मी प्रॉडक्ट मॅनेजर, मीच मराठी भाषांतरकार, मीच एचआर, दिवाळीच्या कंदिलांची खरेदीही माझीच. संध्याकाळी सातनंतर हेल्पलाइनचा नंबर माझ्या मोबाइलवर वळवलेला. सुरुवातीला भारी वाटायचं. मग एका रात्री पावणेबाराला एका आजोबांनी विचारलं, ‘आमरस किती वाट्या चालेल?’ मी म्हटलं, ‘आजोबा, आत्ता?’ ते म्हणाले, ‘नाही, खाऊन झालाय. किती चालला असता ते विचारतोय.’

आणि गंमत म्हणजे लोकांना तब्येत सांभाळायला शिकवणाऱ्या आमची स्वतःची तब्येत! रात्री दहाला वडापाव, दुपारी दोनला नाश्ता. चारपैकी तिघा डेव्हलपरांची कंबर धरलेली. फाउंडरने ‘स्टेप चॅलेंज’ ठेवलं, महिनाभर रोज दहा हजार पावलं. पहिला नंबर कुणाचा आला असेल? मामांचा. ॲप न टाकता. त्यांच्या खिशात पावलं मोजणारं यंत्र टाकून ठेवलं, तर नुसत्या चहाच्या फेऱ्यांत आम्हाला सगळ्यांना मागे टाकलं त्यांनी.

ऑफिसची स्वतःची एक भाषा असते. आमच्याकडे पेशंटला पेशंट म्हणायचं नाही, ‘यूजर’ म्हणायचं. ॲप वापरायचं सोडलं की तो ‘चर्न’ झाला. भिंतीवरच्या टीव्हीवर आकडे पळत असायचे आणि सकाळच्या स्टँडअपला आपण चक्क म्हणायचो, ‘काल तीन यूजर चर्न झाले.’ त्यातल्या एका आजोबांना फोन केला तेव्हा कळलं, मीटरचा सेल संपला होता आणि तो आणून देणारा नातू बारावीच्या परीक्षेत अडकला होता. चर्न वगैरे काही नाही, सेल!

माझा पहिला मोठा घोळ भाषांतरातला. शुगर दोन वेळा मोजतात, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी. इंग्रजी ॲपवर ‘फास्टिंग शुगर’ असं बटण होतं. मी घाईघाईत मराठीत लिहिलं, ‘उपवासाची साखर’. पुढचे तीन आठवडे मराठी यूजर तो रकाना रिकामाच ठेवायचे. आणि एकादशीला मात्र धो धो आकडे! एका मावशींनी तर विचारलं, ‘साबुदाण्याची खिचडी खाऊन मोजू की आधी?’ मग ते ‘उपाशीपोटी’ केलं. ऑफिसात दोन दिवस हसाहशी झाली. एका शब्दावर माणसं केवढा विश्वास ठेवतात, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण आम्ही हसण्यात होतो.

तसे आम्ही बेजबाबदार नव्हतो हं. जाहिरातीसाठी मी एकदा लिहिलं होतं, ‘डायबेटिसला कायमचा बाय बाय!’ डॉक्टर मॅडमनी लाल पेनाने फुली मारली. १९५४ सालचा कायदा आहे म्हणे, जादूटोणा छापाच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा, आणि ज्या आजारांवरच्या उपायांची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत डायबेटिसही आहे. दुसरा नियम २५ मार्च २०२०चा. लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. डॉक्टरला फोनवर, व्हिडिओवर पेशंट तपासायला रीतसर वाट मिळाली. पण त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे : मशीनने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही. ते काम रजिस्टर्ड डॉक्टरचं. हे वाक्य आम्हाला तोंडपाठ. इन्व्हेस्टरला दाखवायच्या स्लाइड्समध्येही ते होतं : ‘आमचं ॲप सल्ला देत नाही, फक्त आकडे दाखवतं.’

त्याच स्लाइड्सच्या पहिल्या पानावर एक जाडजूड आकडा होता. २०२३च्या जूनमध्ये आयसीएमआरचा ‘इंडियाब’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात डायबेटिसचे अंदाजे १० कोटी १० लाख रुग्ण. आम्ही तो आकडा ‘मार्केट साइज’ म्हणून टाकला. त्या दहा कोटींत डायरी लिहिणारे माझे बाबाही धरलेले आहेत, हे स्लाइड बनवताना माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता मुख्य किस्सा. २०२३चा पावसाळा. फंडिंग सगळीकडेच आटलेलं. आमच्याकडे चार महिन्यांचे पैसे उरलेले. लोक आकडे टाकायचा कंटाळा करत होते, म्हणून मी एक फीचर सुचवलं. आजचा आकडा कालच्यापेक्षा कमी आला की स्क्रीनवर रंगीबेरंगी चमकी उडणार, टाळ्या वाजणार आणि मोठ्या अक्षरांत वाक्य येणार : ‘अभिनंदन, तुमची शुगर उतरली! असंच चालू ठेवा!’ वाक्य माझं. ऑफिसात त्याला ‘फटाके’ असं नाव पडलं. एका दुपारी तयार झालं. डॉक्टर मॅडमना दाखवलं नाही. फटाक्यात मेडिकल काय असतंय!

फटाके जोरात चालले. लोक रोज आकडे टाकायला लागले. भिंतीवरच्या टीव्हीवरची रेघ वर चढली. फाउंडरने पिझ्झा मागवला. शुक्रवारी सकाळी अकराला एका इन्व्हेस्टरला डेमो द्यायचा होता आणि डेमोचा हीरो होता, अर्थातच, फटाके.

शुक्रवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. सातारकडच्या एक काकू. वय सत्तरच्या आसपास, आवाज एकदम नरम.

‘बाळा, मला जरा विचारायचं होतं. माझंच काही चुकलं का?’

आदल्या दिवशी संकष्टी होती. काकूंचा उपवास कडक, चंद्रोदयानंतरच सोडायचा. पण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून गोळी मात्र घेतलेली. संध्याकाळी हातपाय जरा गळाल्यासारखे वाटले म्हणून त्यांनी शुगर मोजली. ५८. ॲपमध्ये टाकली. फटाके उडाले. ‘अभिनंदन! असंच चालू ठेवा!’

‘मला वाटलं, उपवासाचं फळ मिळालं,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणून चालत गणपतीला निघाले.’

देवळाच्या पायरीवर त्यांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार आला. बाहेर हार विकणाऱ्या बाईने त्यांना बसवलं, हातातला पेढा तोंडात घातला आणि पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी काकूंना बरं वाटलं. बास, एवढंच. आणि आता काकू मला विचारत होत्या, उपवास असताना पेढा खाल्ला त्याने ॲपमध्ये काही बिघडेल का?

मी म्हटलं, ‘नाही काकू, तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्ही आधी खाऊन घ्या. मी पुन्हा फोन करते.’ आणि फोन ठेवून पाच मिनिटं तशीच बसले.

शुगर जास्त म्हणजे वाईट, एवढंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. कमी म्हणजे चांगलं. ७०च्या खाली गेली की तो धोका असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ‘लो शुगर अलर्ट’ असं आमच्या कामांच्या यादीत तीन महिने लिहिलेलं होतं. दर दोन आठवड्यांनी ते पुढे ढकललं जायचं, कारण त्याने टीव्हीवरची रेघ वर जात नव्हती.

साडेनवाला ऑफिसात पोचले. डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘काकूंच्या गोळ्यांत कुठली गोळी आहे बघ.’ होती तीच. शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी. पोटात अन्न नसताना ती घेतली की शुगर खाली जाऊ शकते. मॅडम म्हणाल्या, ‘पेशंटला अभिनंदन म्हणणं हाही सल्लाच असतो. तो आपण दिला.’

मग त्यांनी डेव्हलपरला विचारलं, ‘७०च्या खालच्या आकड्यावर आत्तापर्यंत किती वेळा फटाके उडाले?’ त्याने शोधून काढलं. ४१ वेळा. २६ माणसं.

दहा वाजले होते. फाउंडर आला, नवा शर्ट घालून. त्याला सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल आता तो व्हिलन होणार. तसं झालं नाही. त्याचा चेहरा पडला, तो खाली बसला आणि म्हणाला, ‘डेमो होऊ दे. एक तासाचा प्रश्न आहे. दुपारी काढू.’

आणि खरं सांगू? मलाही ते पटलं होतं. चार महिन्यांचे पैसे, दहा जणांचे पगार, माझा फ्लॅटचा हप्ता. एक तास तर आहे. मी मान डोलावणार होते. तेवढ्यात चहाचे कप गोळा करणारे मामा म्हणाले, ‘पण मॅडम, त्या एका तासात आणखी कुणी मोजली तर?’

कुणी काही बोललं नाही. फाउंडरने डेव्हलपरकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बंद कर.’ दहा वाजून दहा मिनिटांनी फटाके बंद झाले.

डेमो दिला. फाउंडरने फीचर का काढलं तेही इन्व्हेस्टरला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘वी विल गेट बॅक’ म्हणाले आणि परत आले नाहीत. आमच्यामुळे की बाजारामुळे, कुणास ठाऊक. पुढच्या महिन्यात पगार अठरा दिवस उशिरा झाले. शेवटी दुसरीकडून पैसे उभे राहिले, पण ती नंतरची गोष्ट.

त्या दिवशी दुपारी आम्ही २६ नावांची यादी वाटून घेतली. एका ओळखीच्या वकिलाने सुचवलं होतं, ‘चूक झाली असं तोंडाने म्हणू नका.’ मॅडमनी ते धुडकावलं. त्यांनी सगळ्यांना एकच क्रम लिहून दिला. आधी विचारा, तब्येत कशी आहे. मग सांगा, चूक आमची होती. मग सांगा, पुन्हा ७०च्या खाली आली तर काय करायचं : तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, अजून कमीच असेल तर परत तेच, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि हे कधी झालं ते आपल्या डॉक्टरांना सांगायचंच.

माझ्या वाट्याला सात नावं. एका सरांनी मला चांगलंच झापलं. एका ताईंना वाटलं आम्ही काहीतरी विकतोय. एक काका फोनच उचलेनात. दुपारी तीन, चार, साडेपाच. त्यांचा शेवटचा आकडा होता ५२, तीन दिवसांपूर्वीचा. त्यानंतर एकही नोंद नाही. आमच्या टीव्हीच्या भाषेत काका ‘चर्न’ झाले होते. मी ज्या दुसऱ्या शक्यतेचा विचार करत होते त्याला आमच्या भाषेत शब्द नव्हता. सात वाजून वीस मिनिटांनी त्यांचा उलटा फोन आला. मागे ताशा-सनई. ‘अहो, सोलापूरला बारशाला आलोय, मीटर घरी राहिलं! काय काम होतं?’

मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. काकांना म्हटलं, ‘काही नाही काका, जेवलात का?’ आणि मग दिलेल्या क्रमाने सगळं सांगितलं.

सातारच्या काकूंना मी सगळ्यात शेवटी फोन केला. सांगितलं, ‘काकू, ते वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं.’ काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंस. मी रात्रभर विचार करत होते, देवाला काय कमी पडलं.’

यावर काय बोलायचं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आधीच्या नोकरीत एक वाक्य फार चालायचं, ‘आत्ता लाइव्ह करू, बग नंतर काढू.’ हॉटेलच्या बुकिंगचा बग नंतर काढता येतो. फार तर कुणाची खोली हुकेल. आमच्या स्क्रीनच्या पलीकडे एक शरीर असतं आणि ते ‘नंतर’पर्यंत थांबत नाही. हेल्थ स्टार्टअपमध्ये काम करणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हल्ली एवढंच सांगते.

त्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी बदलल्या. ‘लो शुगर अलर्ट’ चार दिवसांत झाला, जो तीन महिन्यांत होत नव्हता. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ आता मॅडमच्या सहीशिवाय पुढे जात नाही, मग ती ‘शुभ दीपावली’ का असेना. ऑफिसात ‘यूजर’ म्हटलं की दहा रुपये डब्यात. डबा मामांच्या ताब्यात आहे आणि सगळ्यात जास्त दंड फाउंडरने भरलाय.

आणि ॲपमध्ये आकड्याच्या शेजारी एक नवा रकाना आला : ‘आज काही वेगळं झालं का?’ उपवास, प्रवास, जागरण, लग्न, भांडण, काहीही लिहा. ही आयडिया कुणाची, असं डेव्हलपरने विचारलं. मी खरं सांगितलं. एका निळ्या पेनाच्या डायरीची. नुसता ५८ हा आकडा काय सांगतो? ‘५८ - संकष्टी’ असं लिहिलेलं असतं तर डाएटिशियनने तिथल्या तिथे फोन उचलला असता.

बाबा अजूनही ॲप वापरत नाहीत. गेल्या रविवारी मी त्यांची डायरी उघडून बसले होते. मागच्या संकष्टीच्या ओळीत लिहिलं होतं, ‘१११ - उपवास मोडला. मुलीने फोन करून जेवायला लावलं.’

चला, पावणेदहा झाले. स्टँडअप आहे. आणि हो, तुमच्या घरात कुणी गोळी घेऊन उपवास करत असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी त्यांना फोन करा. डॉक्टरांना विचारलंय का, एवढंच विचारा.